न्हाय आप्पा, परत बघा

माझ्या नाकावर राग असतो, हे माझी आईच सगळ्यांना सांगत फिरते. पण साहेबरावांच्या नावापुढं पुन्हा लाल खूण दिसली तेव्हा मला जो राग आला तो कुणालाही आला असता.

बारामतीत एका दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. कारखान्यांतल्या कामगारांना मोबाईलवर शिकता येतील असे धडे आम्ही बनवतो. यंत्राशी कसं वागायचं, आग लागली तर काय करायचं, असले धडे. ते वाचायचे नसतात, ऐकायचे असतात, कारण दिवसभर पोती उचललेला माणूस चष्मा शोधून वाचत बसणार नाही. आवाज आधी समजावून सांगतो, मग प्रश्न विचारतो आणि थांबतो. माणूस 'हो' नाहीतर 'नाही' दाबत नाही तोवर तो थांबूनच राहतो. उत्तर चुकलं तर परत समजावतो. बरोबर आलं की हिरवी खूण होते, तो धडा बंद होतो आणि पुढचा उघडतो.

साहेबराव एमआयडीसीतल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात पॅकिंगला, पोती पुढं नेणाऱ्या पट्ट्यावर होते. त्यांच्या धड्यातला प्रश्न असा होता: पट्टा चालू असताना पोतं अडकलं, तर हात घालून काढायचं का? शेंबड्या पोराला विचारलं तरी तो नाही म्हणेल. साहेबराव मात्र रोज 'हो' दाबत होते. एकदा नाही, सकाळी, दुपारच्या सुट्टीत, घरी गेल्यावर, पुन्हा पुन्हा 'हो'. सगळ्या कारखान्याचे धडे कधीच पुढं गेले होते आणि हा एक गृहस्थ हात घालायला निघालेला.

धड्यातला आवाजही मला आवडायचा नाही. ऑफिसात माझ्या आधी माझ्या खुर्चीवर जी मुलगी होती तिनं तो दिला होता. ती आजारपणात गेली, एवढंच मला माहीत होतं. आवाज गोड होता, नाही असं नाही. पण ही बाई सगळ्यांना आप्पा म्हणायची. उत्तर चुकलं की, "न्हाय आप्पा. आधी बटन बंद करायचं, मग हात. परत बघा बरं." पॅकिंगमधल्या रंगूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या, "मला बी आप्पाच म्हनती गं बया." कारखान्यात ती बोलण्याची रीतच पडून गेली होती. कुणी चहात साखर जास्त घातली, कुणी पोतं उलटं लावलं, की मागून आवाज यायचा, "न्हाय आप्पा, परत बघा बरं." अधिकृत धड्यात अशी भाषा शोभते का, असं माझं मत होतं, आणि ते मी ऑफिसात बोलूनही दाखवलं होतं. आता नवीन धडे येणार होते. त्यात संगणकानं बनवलेला स्वच्छ आवाज होता आणि तो सगळ्यांना 'प्रिय सहकारी' म्हणणार होता. ज्याचा जुना धडा पुरा झाला त्याच्या फोनवर नवीन येणार, ज्याचा अर्धवट त्याच्या फोनवर तो पुरा होईपर्यंत जुनाच राहणार, अशी सोय होती.

कारखान्याच्या मॅनेजरनी, विजयसिंह साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, हा माणूस महिनाअखेर पास झाला नाही, तर मी त्याला पट्ट्यावर उभा करू शकत नाही. आणि पट्टा सोडून दुसरीकडं द्यायला माझ्याकडं जागा नाही. उद्या हात गेला तर जबाबदार कोण?"

बाहेर पॅकिंगचा सिद्धू उभाच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मॅडम, आमी करून दिऊ की त्यांचा धडा. दोन बोटांचं काम हाय. सावड करायची."

एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायची ती सावड. मोबाईल हातात आल्यापासून या लोकांनी ती धड्यांनाही लावली होती. ज्याला जमतं तो चौघांचे धडे उरकून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात त्याची पोती चौघं उचलायचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सावड रानात ठेवा सिद्धू. तुम्ही बटण दाबलं म्हणून त्यांचा हात वाचणार आहे का?" तो मान खाली घालून गेला.

साहेबरावांच्या सुट्टीच्या दिवशी मी स्कूटी काढली आणि थेट त्यांच्या गावी, लासुर्ण्याला गेले. वाटेतलं पिंपळी गाव मागं पडेपर्यंत त्यांना काय काय सुनवायचं ते मनात तयार झालं होतं.

घर वस्तीच्या कडेला होतं. दारात भागुबाई, म्हणजे त्यांची बायको, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्या जरा दचकल्याच. "कामावरनं काढत्यात का वं त्यास्नी?" म्हणाल्या. मी साहेबराव घरात आहेत का, ते विचारलं. "आत हायती. मोबाईल घिऊन बसल्यात. जेवायचं बी ध्यान न्हाय."

आत भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि त्याखाली एका मुलीचा फोटो, पदवीच्या झग्यातला, हार घातलेला. साहेबराव खाटेवर पाठमोरे बसले होते. फोन कानाशी नव्हता, समोर उशीवर टेकवून ठेवला होता, माणूस समोर बसवावा तसा. आवाज प्रश्न विचारून थांबला होता. साहेबरावही थांबले होते. बराच वेळ ते काही न करता नुसते बघत राहिले. मग त्यांनी बोट पुढं केलं आणि 'हो' दाबलं.

"न्हाय आप्पा," आवाज म्हणाला. "आधी बटन बंद करायचं, मग हात. परत बघा बरं."

"बघतो की," साहेबराव म्हणाले.

मी फोटोकडं पाहिलं. तयार करून आणलेलं सगळं भाषण तिथंच संपलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की आल्या पावली परत फिरावं असं झालं. पण त्यांनी मला पाहिलं होतं.

"पायल," ते म्हणाले. फोटोकडं बोट दाखवायचीही त्यांना गरज वाटली नाही. "तुमच्याच हापिसात व्हती."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुमाला कसं म्हाईत असंल? मी कुठं कुनाला बोललोय. बोललं की लोक कीव करत्यात."

भागुबाईंनी चहा टाकला. साहेबराव हळूहळू बोलत गेले. आवाज भरायचं काम पायलनं याच खोलीत केलं होतं. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, म्हणून दाराला गोधडी लावली होती. तिनं प्रश्न आधी बापाला विचारून बघितला. "मी म्हनलं, हात घालायचा की. आमी समदे घालतोच. पट्टा बंद केला तर सुपरवायजर वरडतो. तवा ती मला बोलली, न्हाय आप्पा. ते तिनं तसंच ठिवलं. परत भरलंच न्हाय. म्हनली, ह्येच्याइतकं खरं दुसऱ्यांदा येनार न्हाय." त्यांनी उशीवरचा फोन सरळ केला. "समद्यास्नी आप्पा म्हनती असं लोकास्नी वाटतंय. ती मलाच म्हनली व्हती."

"आणि आता? आता हात घालता का पट्ट्यात?"

"त्या दिवसापास्नं एकदा बी न्हाय." त्यांनी दोन्ही हात पुढं केले, शाळेत नखं तपासायला करतात तसे. "पर बरुबर दाबलं की धडा बंद हुतोय. रंगूबाईचा झाला तसा. मग ती कुठं भेटायची?"

मी उभ्या उभ्या त्यांना शब्द दिला. तोंडी परीक्षा घ्यायला लावते, पट्ट्यावर उभं करून साहेबांना दाखवते, पण धडा पुरा करायचा नाही. तो असाच राहू द्यायचा. नवीन धडे आले तरी तुमच्या फोनवर हाच राहील.

"राहील न्हवं?" भागुबाईंनी विचारलं.

"राहील," मी म्हणाले.

विजयसिंह साहेबांशी मी दोन दिवस भांडले. माझ्या नाकावरचा राग त्या वेळी पहिल्यांदा कुणाच्या कामी आला. शेवटी ते चालत पट्ट्यापाशी आले, पोतं मुद्दाम अडकवलं आणि म्हणाले, काढा. साहेबरावांनी आधी लाल बटण दाबलं, पट्टा थांबला, दोनदा खात्री केली आणि मगच हात घातला. साहेबांनी मान हलवली. "ठीक आहे. राहू द्या यांना. धड्याचं तुम्ही बघून घ्या." साहेबराव माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसले. मी जाताना स्कूटीवर गाणं गुणगुणत गेले, जे मी एरवी करत नाही.

पण हे ठरलं ते पट्ट्यापाशी, आमच्या तिघांत. सिद्धू आणि बाकीचे तेव्हा गोदामात माल उतरवत होते. साहेबरावांनीही कुणाला काही सांगितलं नाही, त्यामुळं बाकीच्यांच्या लेखी त्यांची नोकरी अजून टांगणीलाच होती.

महिनाअखेरीला मी कारखान्यात गेले, तर पॅकिंगमध्ये वर्तमानपत्रावर भेळ मांडलेली. सिद्धू माझ्यापुढं आला. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "मॅडम, तुमी लई रागावला व्हता, पर म्हाताऱ्याची नोकरी जानार ह्ये आमाला बघवंना. फोन चार्जिंगला व्हता. दाबलं मी 'नाही'. हिरवं झालं बघा." मग जरा लाजून म्हणाला, "सावडीत मानसाचा धडा बघायचा न्हाय, मानूस बघायचा."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. मला त्या दिवशी हसू आलं नाही आणि रागही आला नाही. राग यायला कुणी वाईट माणूस समोर लागतो. इथं सगळी चांगलीच माणसं उभी होती, हाताला कांदा लागलेली.

साहेबराव पोत्यांवर बसले होते. हातात फोन होता. त्यावर नवीन धडा उघडलेला होता आणि तो स्वच्छ आवाज म्हणत होता, "प्रिय सहकारी, स्वागत आहे." त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. सिद्धूनं भेळीचा द्रोण त्यांच्या हातात दिला.

"उपकार झालं बाबा," साहेबराव म्हणाले. "लई केलंस माझ्यासाठी." आणि त्यांनी ती भेळ शेवटच्या मुरमुऱ्यापर्यंत खाल्ली. सिद्धूला वाईट वाटू नये म्हणून खाल्ली, हे फक्त मला कळत होतं.

ऑफिसात मी सगळ्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पण जुना धडा काढून टाकला होता, आणि तो आता कुणाच्याच फोनवर उघडणार नव्हता. आमच्या ऑफिसच्या सरांनी तेवढं केलं, की जुन्या संगणकातून पायलचं मूळ ध्वनिमुद्रण शोधून दिलं. अख्खं होतं, एक अक्षर गेलं नव्हतं. मला वाटलं, चला, हे तर आणखी बरं झालं. आता बंद होण्याची भीतीच नाही.

पुढच्या सुट्टीला मी पुन्हा लासुर्ण्याला गेले. भागुबाई हात पुसत आत येऊन बसल्या. मी साहेबरावांच्या फोनवर ते ध्वनिमुद्रण टाकलं आणि सुरू केलं. पायल बोलू लागली. भागुबाईंनी डोळ्याला पदर लावला. साहेबरावांनी फोन उशीवर टेकवला आणि पुढं सरकून बसले.

"पट्टा चालू असताना पोतं अडकलं, तर हात घालून काढायचं का?" पायलनं विचारलं.

साहेबरावांनी तोंड उघडलं, पण तोवर ती बोलूनही गेली होती. "न्हाय आप्पा. आधी बटन बंद करायचं, मग हात. परत बघा बरं." आणि तिथून तशीच पुढच्या वाक्यावर गेली.

त्यांनी परत मागं नेलं. परत ऐकलं. परत तेच झालं.

"ह्येच्यात ती थांबत न्हाय," ते म्हणाले.

मी घाईनं फोन घेतला. म्हटलं, थांबा, मी करते. प्रश्न संपताच मी अंगठ्यानं आवाज थांबवला. साहेबराव बराच वेळ फोनकडं बघत राहिले, पहिल्यासारखे.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "घालायचा की."

मी अंगठा उचलून पुन्हा दाबला.

"न्हाय आप्पा," पायल म्हणाली. "आधी बटन बंद करायचं, मग हात. परत बघा बरं."

मला वाटलं, जमलं. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते फोनकडं बघत नव्हते, माझ्या अंगठ्याकडं बघत होते.

"ऱ्हाऊ द्या पोरी," साहेबराव म्हणाले. "आता तुमी थांबवली म्हनून थांबली ती."

त्यांनी फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला, बंद केला आणि भागुबाईंना म्हणाले, "चहा टाक. लांबनं आल्यात त्या."