जॉनची लेक

"मग 'पेन' ठेवू या," रेव्हरंड क्राउदर म्हणाले. "पेन म्हणजे मेंढ्यांचा कोंडवाडा. सापडलीच आहे ती कोंडवाड्यात. आणि नाव जुनं आहे, घरंदाज आहे."

हेस्टरच्या मांडीवर ती मुलगी डोळे मिटून दूध पीत होती. बुधवारच्या जनावरांच्या बाजाराआधी झाडलोट करणाऱ्या जॉन टिपिंगला ती गवतावर सापडली होती, लोकरीच्या शालीत गुंडाळलेली. आईचा पत्ता लागला नव्हता. आज बाप्तिस्मा होता. 'रूथ' हे नाव इस्पितळाच्या सिस्टर पार्जिटरांनी ठरवलं होतं. आडनावाचं काम रेव्हरंडांकडे आलं, कारण आडनावांचे अर्थ शोधणं हा त्यांचा छंद.

"तुमचे पार्जिटर म्हणजे भिंती लिंपणारे, सिस्टर. आणि आम्ही क्राउदर म्हणजे सारंगीवाले. मला तर धड शीळही घालता येत नाही!"

सिस्टर हसल्या. हेस्टर हसली नाही.

"ते नाव नको, रेव्हरंड."

तीस वर्षं या इस्पितळात आयाचं काम करणारी हेस्टर ब्रिजेस मधे बोलली म्हणून दोघांनाही नवल वाटलं.

तिच्या लहानपणी शाळेत मास्तरांनी असेच सगळ्यांचे अर्थ सांगितले होते. स्मिथ लोहार, टेलर शिंपी, वॉकर म्हणजे ओलं कापड पायांनी तुडवणारे. तिची पाळी आली तेव्हा म्हणाले, "ब्रिजेस. तुझे पूर्वज पुलाजवळ राहत असणार." मागून एक पोरगा ओरडला, "पूर्वज कसले, मास्तर? हीच सापडली पुलाखाली!" वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले. पुढे वॉल्टर कूपर, पिंपं बांधणाऱ्यांच्या घरातला, आपलं आडनाव तिला द्यायला निघाला होता. तो फ्रान्सच्या लढाईत मारला गेला. हेस्टर पुलाखालीच राहिली.

"तुमच्या सारंगीवाल्याला नाव मिळालं ते तो वाजवायचा म्हणून," ती म्हणाली. "हिला मिळणार जिथे टाकली त्या जागेचं. जन्मभर कुणी नाव विचारलं की हिने तोच पत्ता सांगायचा?"

"अहो, इतकं जुनं नाव! अर्थ कुणाच्या ध्यानात राहतो?"

"जिचं असतं तिच्या."

रेव्हरंडांनी चष्मा काढला. "मग तुम्हीच सांगा, काय ठेवू या?"

"जॉन्सन."

"मुलगी आहे ती, हेस्टर," सिस्टर म्हणाल्या. "जॉनचा मुलगा कशी होईल?"

"अर्ध्या इंग्लंडातल्या बायका कुणाचे ना कुणाचे मुलगेच आहेत की. स्वयंपाकघरातल्या हॅरिसनबाई बघा. त्यांचं काही बिघडलंय?"

"पण जॉन तिचा बाप नव्हे."

"कोटाच्या आत धरून पळत आणलंन तिला. धाप लागून पायरीवर बसला, पण पोर खाली ठेवली नाही. मी विचारलंय त्याला. म्हणाला, माझ्या नावाला कोण विचारतंय, चालत असेल तर घ्या."

दुपारी देवळात रूथ जॉन्सन असं नाव पुकारलं गेलं, तेव्हा शेवटच्या बाकावर जॉन टिपिंग मान खाली घालून उभा होता. नंतर दर बुधवारी बाजार उठला की तो हात घासून धुऊन यायचा. "कशी आहे?" एवढंच विचारायचा. हेस्टर मुलीला उचलून म्हणायची, "मिस जॉन्सन, बघा कोण आलंय!"

उन्हाळा सरता सरता लडलो गावाहून वेब नावाचं जोडपं आलं. मूलबाळ नव्हतं, माणसं सालस होती. सगळे सोपस्कार पार पडले. मिसेस वेबनी मुलीला कुशीत घेतलं, आणि दारापाशी थबकून त्यांनी विचारलं, "हिचं आधीचं आडनाव काय हो? मोठी झाल्यावर विचारलंन तर सांगता येईल."

सिस्टरांनी हेस्टरकडे पाहिलं.

हेस्टरने मुलीच्या टोपडं बांधलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "आडनाव नव्हतंच हिला," ती म्हणाली. "तुमच्यासाठी थांबली होती."

मिसेस वेबचे डोळे भरून आले. मोटार वळणाआड गेली.

"असं का सांगितलंस?" सिस्टरांनी विचारलं.

"नाव सांगितलं की जॉन कोण ते आलं. जॉन आला की कोंडवाडा आला."

"आणि जॉनला काय सांगायचं?"

"तेही मीच सांगते." तिने एप्रन सोडून खुंटीला अडकवला.

सिस्टर वरच्या खिडकीतून बघत राहिल्या. बाजार उठला होता. रिकाम्या कोंडवाड्यांपाशी हेस्टर बोलत होती, थोडंसंच. जॉनने झाडू कठड्याला टेकवला आणि ऐकता ऐकता डोक्यावरची टोपी काढली. तिचं बोलणं संपल्यावरही त्याने ती घातली नाही. दोघं तशीच उभी राहिली, बराच वेळ, लडलोच्या रस्त्याकडे तोंड करून.