मोजणी चालू असताना

सुरभीताई माझी आतेबहीण. अमावस्येच्या रात्री तारे बघायला तिला एकटीला हिंगणीला पाठवायला आत्या तयार नसायची, म्हणून सोबतीला माझी वर्णी लागायची. मला आकाशातलं ओ की ठो कळत नाही. थंडी मात्र चांगली कळते. पौषात बोर धरणाकडून येणारं वारं दोन-दोन स्वेटरांनाही जुमानत नाही, आणि जंगल तर इतकं जवळ, की वाघाने उचललं तर निदान ऊब तरी मिळेल, असं मी म्हणायचे.

हे सगळं खूळ रोशनदादाचं. देवळीत त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. ताईच्या शाळेचा पंप जळला तेव्हा ती तो घेऊन त्याच्याकडे गेली. विज्ञान शिकवणारी बाई आणि ताऱ्यांचे फोटो काढणारा मिस्त्री, अशी ती ओळख तीन हिवाळे चालली. त्याचं ताईवर मन होतं हे दुकानासमोरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. फक्त त्याने तोंड उघडायचं बाकी होतं.

तारेचे वेढे मोजताना मध्येच कोणी बोललं की मोजणी चुकते आणि मोटर पुन्हा जळते. म्हणून मोजताना तो डावा हात वर करतो, आणि अख्खी देवळी गप्प उभी राहते. फोटोचंही तेच. दोन फळ्या बिजागरीने जोडून त्याने एक यंत्र केलं होतं. वर कॅमेरा, खाली लांब बोल्ट. तारे सरकतात तसा कॅमेराही सरकावा म्हणून मनात आकडे मोजत तो बोल्ट चार मिनिटं हाताने फिरवत राहायचा. मोजणी चुकली की ताऱ्यांच्या रेघोट्या होतात.

त्या रात्री हिंगणीला त्याच्या मामाच्या शेतात, हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही तिघंच होतो. आकाश असं लखलखत होतं, की मलासुद्धा थंडीचा विसर पडला. दादा मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मागे लागला होता. नागपूरच्या स्थळाला होकार द्यायचा की नकार, हे ताईला सकाळी घरी सांगायचं होतं. दादाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याने शटर उघडलं, मोजायला सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हाच ताई बोलली.

“रोशन, नागपूरच्या पोराले मी पसंत आहो. उद्या हो का नाई ते सांगा लागते. काय सांगू मी?”

अंधारात त्याचा हात वर गेलेला मला दिसला. बोल्ट फिरतच राहिला. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. ओरडावंसं वाटलं, अरे बाबा, तो ढग हजारो वर्षं तिथेच आहे, पुढच्या अमावस्येलाही असेल! पण ताईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तिची बोटं गार पडली होती.

शेवटी त्याने शटर मिटलं, कॅमेऱ्यात पाहिलं आणि हरखून म्हणाला, “आला पाहा! एक तारा हालला नाई!” मग ताईकडे वळला. “हं, बोल आता. काय म्हणून राह्यली होती?”

“काई नाई,” ताई म्हणाली. “थंडी वाजून राह्यली म्हटलं. चला आता.”

सकाळी तिने होकार दिला. नवरा भला माणूस आहे, ताईचं बरं चाललंय. नागपुरातल्या दिव्यांपायी तारे दिसत नाहीत, असं ती हसत सांगते. मला तिचं ते हसणं बघवत नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या विहिरीवरची मोटर जळली, म्हणून मी दुकानात गेले. दादा वाळलाय. मी विचारलंच, “दादा, तुम्ही त्या रात्री तिचं आइकलंच नव्हतं काय?”

“आइकलं ना. समदं आइकलं. ‘नाई म्हण, मी येतो तुह्या घरी,’ असं सांगाचं ठरवलं बी होतं. बोल्ट फिरवता फिरवताच ठरवलं.”

बैल गेला अन् झोपा केला! असा संताप आला मला. “मंग सांगतलं काऊन नाई?”

“ती ‘काई नाई, थंडी वाजते’ म्हणे ना.”

“तुम्ही मोजत असले की कोणी बोलत नाई, हे तिले ठाऊक नव्हतं काय, दादा? तरी तिनं त्याच वेळेस काऊन विचारलं असन?”

दादाने हातातली तार खाली ठेवली.

“मले वाटलं,” तो म्हणाला, “चार मिनिटं थांबन ती.”