लाथेनंतरचा आवाज

बाईंनी हेडफोन उतरवले आणि काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शकाकडे पाहिलं. डबिंगचा सातवा टेक झाला होता. पडद्यावरची तलवारवाली नायिका पोटात लाथ बसून मागे कोसळत होती, आणि फाटले होते ते नेमके छातीवरचे कपडे.

"लाथ पोटात आणि फाटतंय वर," बाई म्हणाल्या. "शिंपी बदल म्हणावं हिला."

रेकॉर्डिस्ट हसला. दिग्दर्शक हसला नाही.

"ताई, आवाज जड येतोय. कळ आली पाहिजे, पण कानाला गोड. कळतंय ना?"

बाईंना चांगलंच कळत होतं. तीस वर्षं त्यांनी पडद्यावरच्या आया, सासवा आणि चेटकिणी बोलत्या केल्या होत्या. आवाज अजून कोवळा लागतो म्हणून चौपन्नाव्या वर्षी त्यांच्या वाट्याला ही जपानी कार्टूनमधली, अ‍ॅनिमेतली, अठरा वर्षांची लढवय्यी आली होती. ती एका भागात चाळीस राक्षस कापायची. राक्षस मरताना कुणाला धड दिसायचे नाहीत. चित्र काढणाऱ्याचं लक्ष दुसरीकडेच असायचं.

"पोटात लाथ बसली की माणसाचा श्वास जातो," त्या म्हणाल्या. "त्यातून गोड काही निघत नाही."

"प्रेक्षकांना मात्र..."

"प्रेक्षकांना काय हवंय ते दिसतंय मला. पडद्यावर मावत नाहीये."

दिग्दर्शकाने दहा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेरच्या बाकावर संवादांचं भाषांतर करणारी मुलगी बसली होती. कामाला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. तिने चहाचा कप पुढे केला, पण मनातलं बोलूनही टाकलं.

"तुम्ही त्या तलवारवालीला फार कमी लेखता. ती कुणाला घाबरत नाही, स्वतःच्या अंगाला लाजत नाही. घरी मला सारखं नीट बस, अंग झाक, एवढंच ऐकावं लागायचं. तिला बघून मी ताठ चालायला लागले."

"ताठ चालायला वीतभर कपडा लागतो?"

"लागत नाही. पण असला तरी काय बिघडलं?"

"लाज सोडणं वेगळं, बाळ. हिची लाज कुणीतरी परस्पर विकून खाल्ली, आणि तू त्याला धैर्य म्हणतेस."

मुलीचे कान लाल झाले. ती उठली ती सरळ आत गेली.

"तो आवाज मी देऊन बघू?" तिने दिग्दर्शकाला विचारलं.

बाई या वेळी काचेबाहेर, दिग्दर्शकाच्या मागे, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पोरीची जिरलेली बघायची त्यांना घाई होती. पण मुलीने एका टेकमध्ये दिला, आणि दिग्दर्शकाला हवा होता अगदी तसाच दिला.

त्याने तो लावून ऐकला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा चित्रासकट. रेकॉर्डिस्ट त्याच्या कानाला लागला आणि दोघांचे खांदे हलू लागले.

"अजून एकदा लाव," दिग्दर्शक म्हणाला. "जरा मोठ्याने."

काचेमुळे मुलीला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हेडफोनमधून येत होता तो तिचाच आवाज, आणि समोर दिसत होते त्यांचे खांदे. शर्टाचं वरचं बटण लावलेलंच होतं. तिने ते पुन्हा चाचपलं. मग हेडफोन ठेवून ती कुणाकडे न बघता बाहेर निघून गेली.

बाईंचंच खरं ठरलं होतं. त्यांना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"तो पुस," त्या रेकॉर्डिस्टला म्हणाल्या.

"अहो ताई, मस्त आलाय," दिग्दर्शक म्हणाला.

"आधी पुसायला सांग त्याला, माझ्यासमोर. मग मी देते, तुला पाहिजे तसा."

पुसला जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग आत जाऊन माइकसमोर उभ्या राहिल्या. सात टेकमध्ये जे दिलं नव्हतं ते त्यांनी दिलं: ओलसर, लाडिक, निर्लज्ज. देताना चष्म्यातून सरळ दिग्दर्शकाच्या डोळ्यांत बघत राहिल्या. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

दिग्दर्शकाने मान खाली घातली आणि समोरचे कागद चाळले. पुन्हा लाव, असं कुणीच म्हणालं नाही.

मुलगी जिन्यात उभी होती.

"माझा ठेवला का त्यांनी?"

"नाही. बेसूर होता."

मुलीने हळूच श्वास सोडला. दोघी बरोबरच जिना उतरू लागल्या. मधल्या वळणावर ती थांबली.

"तरी मला ती आवडते," ती म्हणाली.

"आवडू दे," बाई म्हणाल्या. "तिने कुठे स्वतःचं चित्र काढलंय."