मातीतला एझ्रा

नवरा जाऊन वर्षं लोटली, तरी त्याच्या चेहऱ्याची कामं काही संपत नाहीत. एझ्रा पेनफोल्ड म्हणजे लंडनचा नावाजलेला सर्जन. हयातीत तो एकाच चित्रकारासमोर बसला, तोही कुरकुरत. बाकीच्या तसबिरी आणि पुतळे सगळे मेल्यानंतरचे. एखाद्या शिष्याचं बस्तान बसलं, की तो गुरूचा पुतळा करवतो आणि मला बोलावणं येतं. बाईसाहेब, हुबेहूब झालाय ना? मी हो म्हणून मोकळी होते. नाही म्हटलं तर पुन्हा यावं लागतं.

या खेपेला शिल्पकार लाँगमेडच्या माडीवर चढेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. सोबत डॉर्कस होती, माझ्या लग्नापासूनची मोलकरीण. ती दाराशीच बाकावर टेकली.

लाँगमेडनं ओलं फडकं काढलं. आत मातीचा एझ्रा, आणि त्याच्या खांद्यावर जुन्या रोमन लोकांसारखी चादर! हा माणूस जन्मभर रक्ताचे डाग पडलेला कोट घालून हिंडला.

"ही चादर कुठून आणलीत? त्याच्या हाती दिली असती तर त्यानं तिला नाक पुसलं असतं."

लाँगमेड हसला नाही. तोही दमलेला दिसत होता. "क्रॅबट्रीसाहेबांची आज्ञा, पुतळा करवणारे शिष्य तेच. सर्जन मंडळींच्या सभागृहात बसवायचाय. उद्या संगमरवराला छिन्नी लावतो. एकदा लावली की मग माझ्या हातात काही नाही. तेव्हा काय ते आजच सांगा, बाईसाहेब."

आणि नेमकं तेच मला सांगता येत नव्हतं. एझ्राचा चेहरा मला आठवेनासा झाला होता. डोळे मिटले की तसबिरी दिसायच्या, नवरा दिसायचा नाही. ही गोष्ट मी डॉर्कसलाही सांगितली नव्हती. लाज वाटायची, आणि भीतीही.

"ओठ तरी बघा," लाँगमेड म्हणाला. "केवढा निश्चय! मृत्यूनंतर चेहऱ्याचा साचा घेतला होता ना, त्यावरून जसेच्या तसे उतरवलेत. सगळ्या पुतळ्यांना हेच ओठ आहेत. त्यांचे शिष्यसुद्धा हल्ली ओठ असेच आवळून फिरतात."

त्यानं फळीवरचा प्लास्टरचा मुखवटा काढून माझ्यापुढे ठेवला. तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

"हा निश्चय त्याचा नाही, मिस्टर लाँगमेड. मी जबडा बांधला होता त्याचा!"

"म्हणजे?"

"मेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहू नये म्हणून बांधतात तसा. डॉर्कसनं डोकं धरलं, मी हनुवटीखालून फडकं घेऊन वर घट्ट गाठ मारली. साचेवाला आला तोवर सगळं ताठरलं होतं. अहो, जिवंतपणी त्याचं तोंड मिटायचंच नाही! लहानपणी नाक मोडलेलं, त्यामुळे तोंडानं श्वास घ्यायचा. पहाटेपासून मुडदे चिरून यायचा आणि जेवता जेवता हातात काटा धरून झोपायचा. निश्चय कसला डोंबलाचा!"

लाँगमेडनं मुखवटा बाजूला सारला. मग त्यानं अंगठा पाण्यात बुडवला. "उघडतो तर. क्रॅबट्रीसाहेबांचं मी बघून घेईन. किती उघडू?"

"थोडे."

"असे?"

"नाही. जरा जास्त."

"असे?"

"छे, आता वेडसर दिसतोय."

त्यानं पुन्हा मिटवले, पुन्हा उघडले. कुठलाच एझ्रा नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसून जेवले, त्याचं तोंड किती उघडं असायचं ते मला सांगता येईना. मला रडूच फुटलं. मी खुर्चीत मटकन बसले.

"राहू दे," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांबा."

मी माझी मान एका खांद्यावर टाकली. पापण्या अर्ध्यावर आणल्या, खालचा ओठ सैल सोडला आणि तोंडानं श्वास घेतला. एझ्राला चिडवायला त्याच्या झोपेची ही नक्कल मी जेवणाच्या टेबलावर कितीदा केली होती. डोक्यातून गेलं होतं ते अंगात तसंच होतं. शिवाय त्याच्याइतकी दमलेही होते आता.

दाराशी बाक करकरला.

"साहेब!" डॉर्कस म्हणाली, आणि तोंडाला एप्रन लावून हमसून हमसून रडायला लागली.

"हलू नका बाईसाहेब," लाँगमेड हळूच म्हणाला. त्याचा अंगठा मातीत फिरत असल्याचा ओला आवाज येत होता.

मी हलले नाही. हलले असते तर एझ्रा पुन्हा गेला असता.