एकच खटका

"सर, माझं नाव कोणी खोडलं?"

प्रश्न माझा, पैज मैत्रिणींची. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत शिरायचं आणि सगळ्यांसमोर, आवाज न कापता, पीटीच्या सरांना हे विचारायचं. गेल्या वर्षीची मी असते तर उंबऱ्यावरूनच परत फिरले असते. तेव्हा जिना चढताना माझी छाती वाजायची, म्हणून वर्गाने माझं नाव 'शिट्टी' ठेवलं होतं. आता छाती वाजत नाही, पण नाव मी ठेवून घेतलंय. रिलेत शेवटचा टप्पा धावणारी शिट्टी, ऐकायलाच किती भारी वाटतं. तर त्या रिलेच्या यादीत सोमवारी माझ्या नावावर आडवी रेघ.

सरांनी खणातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली.

मुलीला दमा आहे, असं तिच्यात होतं. रोजचं औषध ती नियमित घेत नाही, कितीही सांगितलं तरी ऐकत नाही, तरी तिला धावायला घेऊ नये. अक्षर आईचं. माझ्या वह्यांवर नाव घालते तेच गोल, टपोरं अक्षर. खाली बाबांची सही.

बाहेर मैत्रिणी दाराला कान लावून उभ्या होत्या. मी पैज जिंकले होते, आणि मला कुणाचं तोंड बघवत नव्हतं.

कारण औषध चुकवणं हा माझा गुन्हाच नाही. गृहपाठ चुकवते, आंघोळ चुकवते, औषध नाही. माझा आणि बाबांचा पंप एकाच जातीचा, गोल चपट्या डबीसारखा. मला दमा, बाबांना फुप्फुसांचा जुनाट आजार. पंधरा वर्षं फर्निचरला पॉलिश मारलं, वर सिगारेटी ओढल्या, त्याचं फळ. पंपात दोन औषधं एकत्र असतात, एक आतली सूज उतरवतं, दुसरं नळ्या मोकळ्या ठेवतं. धाप लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. खटका दाबला की डोस तयार होतो आणि खिडकीतला आकडा साठावरून एकेकाने उतरतो. मग ओढायचं, दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा, शेवटी चूळ भरायची. हे सगळं आम्ही दोघं बेसिनपाशी उभं राहून एकदम करायचो. खटकाही असा एकदम दाबायचो की एकच आवाज यायचा. मला वाटायचं, काय टायमिंग जमलंय आमचं.

डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली होती. बाबाही म्हणाले होते, चार महिने एकही डोस चुकला नाही तर खुशाल धाव. चार महिने गेल्याच आठवड्यात भरले.

घरी आले ती थेट कपाटाकडे. माझ्या पंपावर चौदा आकडा आहे हे मला माहीत होतं, तोच सरांच्या टेबलावर आपटायचा असं ठरवलं होतं. पंप उचलला तर आकडा सत्तावन्न. क्षणभर मलाच वाटलं, खरंच घेत नव्हते की काय मी? मग उलटा करून बघितला. माझ्या पंपामागे चांदणीचं स्टिकर आहे. ह्याच्यामागे काही नव्हतं.

दोन्ही पंप एकाच दिवशी आणलेले. माझा चौदावर, बाबांचा सत्तावन्नवर. जुने पंप टाकून द्यायचं काम बाबा दर महिन्याला आपण होऊन का करायचे, तेही तेव्हा कळलं. आणि तो एकच आवाज. टायमिंग कसलं, तो माझा एकटीचाच खटका होता.

संध्याकाळी आई शिवणकामावरून आली. मागून बाबा आले, नेहमीसारखे दुसऱ्या मजल्यावर थांबून चावी शोधत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि चावी त्यांच्या हातातच असते. मी टेबलावर सरांकडून मागून आणलेली चिठ्ठी ठेवली आणि तिच्यावर दोन्ही पंप.

आई आधी बोलली. तुझ्या भल्यासाठीच लिहिलं म्हणाली. तू औषध घेतेस असं लिहिलं असतं तर सरांनी तुला घेतलंच असतं. मग तिची नजर सत्तावन्नवर गेली. उसवलेली शिवण तपासावी तसा तिने तो पंप फिरवून फिरवून बघितला.

"मी लिहीत होते तेव्हा तुम्ही समोर बसून मजकूर सांगत होतात," ती बाबांना म्हणाली, अगदी हळू. "तिचं सांगत होतात की स्वतःचं?"

बाबा बराच वेळ खोकले. त्यातला थोडा खोकला खरा होता. मग म्हणाले, हे घेऊन काही फरक कळतच नाही, धाप लागली की ओढायचा तो छोटा पंप निदान लगेच मोकळं करतो. आणि रोज घ्यायचं म्हणजे आपण कायमचे आजारी झालो असं वाटतं. तू धावायला लागलीस की माझाच दम कोंडतो, म्हणून चिठ्ठी. मला त्यांची दया यायला लागली, आणि त्याचाच जास्त राग आला.

"बाबा," मी म्हटलं, "मग चूळ कशाची भरत होतात?"

आईने चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मी ठरवलं होतं की रडायचं नाही. थोडं रडले, मग आवाज न कापता त्यांना सांगून टाकलं.

"शर्यत शनिवारी आहे आणि मी धावणार आहे. उद्या हे दोन्ही पंप सरांना दाखवणार. चिठ्ठीतला शब्द न् शब्द खरा आहे, फक्त माणूस चुकलाय, असं सांगणार. बाबा, तुम्ही बरोबर आलात तर ते तुम्ही सांगा, नाहीतर मी आहेच. सव्वासातला निघते. आणि आजपासून दोघांनी एकाच वेळी घेणं बंद. आधी तुम्ही दाबायचं. तो आवाज मी ऐकेन, मगच माझा पंप उघडेन."