नऊ नंबरचा फोन

“पाडा मेन, काका. लाईट गेल्यावर काय होतं ते बघू,” पुनम म्हणाली आणि संतरामने मेन स्विच खाली ओढला. पंखे गरगरत थांबले, आणि त्याआधीच नऊच्या नऊ नव्या फोनचे पडदे काळे पडले होते. शिरड शहापूरच्या त्या पतसंस्थेत सकाळपासून लग्नघरासारखी धांदल होती. ती एका झटक्यात गार झाली.

सगळ्यांत गार पडला संतराम शिपाई. नववा फोन त्याचा होता, दाराजवळच्या त्याच्या स्टुलाशेजारी ठेवलेला. उभा जन्म दुसऱ्याच्या हाकेला ओ देण्यात गेलेल्या माणसाला स्वतःचा नंबर मिळत होता! ‘संस्थेला फोन लावा अन् नऊ दाबा, मीच बोलतो,’ असं सांगून पठ्ठ्याने आठवडाभर गावाला भंडावून सोडलं होतं. आज तर कडक इस्त्रीचे कपडे घालून तो आला होता, आणि पहिला फोन तुलाच, असं बायकोला, नर्मदाबाईला, बजावून आला होता.

फोन बसवायला हिंगोलीहून आलेल्या पुनमने मॅनेजर विश्वंभररावांना आधीच सांगितलं होतं, की फोनागणिक अडॅप्टर लावलात तर स्वस्तात पडेल, पण लाईट गेली की फोनही गेला. त्यापेक्षा एक डबा घ्या. बोलणं नेणाऱ्या वायरीतूनच तो सगळ्या फोनना वीज देतो, आणि त्याच्याखाली बॅटरी असते. फोन झिरोच्या बल्बाएवढीही वीज खात नाही, म्हणून ती बॅटरी अख्खी दुपार काढते. विश्वंभररावांनी तेव्हा फक्त खर्च पाहिला. गावात दुपारची लाईट जाते, हे ते सोयीस्करपणे विसरले.

डबा पुनमच्या गाडीत होताच. पण त्याला आठच फोन जोडता येत होते, आणि नववा फोन परत दिला तरच डब्याचा खर्च संस्थेला झेपणार होता. ही गोष्ट सगळ्यांना कळली. विश्वंभरराव उगाचच टेबलावरची धूळ पुसू लागले.

अडॅप्टरच राहू द्या म्हणावं, असं संतरामला क्षणभर वाटलं. फार फार वाटलं. मग त्याने आपल्याच हाताने नववा फोन उचलला आणि पुनमपुढे धरला.

“डबाच बसव, माय. लाईट गेली की गावातली मानसं फोन लावून लावून थकतीन, न् इथं समदे मुके. असल्या फोनचं काय करावं?”

तासाभरात डबा बसला. संतरामने पुन्हा मेन पाडला. पंखे थांबले, दिवे गेले, आणि आठही फोन लखलखत राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात सर्वांत जोरात टाळ्या संतरामच्या होत्या, आणि त्या मनापासून होत्या. विश्वंभररावांनी त्याला हात धरून आपल्या टेबलाशी नेलं आणि पहिला फोन त्यानेच लावावा असा हट्ट धरला. त्याने उभ्यानेच घरचा नंबर फिरवला.

“अगं, मी बोलून राहिलो. इथं लाईट न्हाई, तरी बोलून राहिलो बग.”

“बराबर ऐकू येऊन राहिलं,” पलीकडून नर्मदाबाई हरखून म्हणाली. “मंग तुमाला लावायचा तं नऊच दाबू ना?”

संतरामने त्या आठ उजळ पडद्यांवरून नजर फिरवली.

“कोनताबी दाब,” तो म्हणाला. “उचलनारे मला हाक मारतेत.”

रिसीव्हर जपून जागेवर ठेवून तो मेन वर करायला गेला.