दुधाचा नवस

झांबरेबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरली, फिरवून पुन्हा धरली, आणि शेवटी डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलंच खरं मानलं. खुब्याचं हाड शाबूत होतं. समोरच्या बाकावर पुष्पाबाई ओशाळं हसत होती. परवा ती ओट्यावरून थेट फरशीवर पडली होती. मांडी काळीनिळी झाली होती, पण कुबडी टेकत ती स्वतःच्या पायांनी इथवर आली होती.

"मोडनं नही!" तिची सासू सुंदरबाई चौथ्यांदा म्हणाली.

जळगावच्या या दवाखान्यात झांबरेबाई पेशंटांना आहार सांगायच्या. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन खायचं तेच खायचे. अकरा वर्षांत बाईंना त्याची सवय झाली होती, राग मात्र गेला नव्हता.

पुष्पाबाई अडीच वर्षांपूर्वी, त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा आली. एरंडोलजवळच्या खेड्यातली, वय चौतीस. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या दुखण्याला मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव दिलं होतं. त्यात नसांवरचं आवरण खराब होतं, पाय लटपटतात, मधूनच एकाचे दोन दिसतात. हे काही खाण्याने बरं होणार नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण झटका आला की स्टेरॉइड द्यावं लागे, त्याने हाडं ठिसूळ होत, आणि पडणं तर पाचवीला पुजलेलं. एकदा नुसता हात टेकला तर मनगट मोडलं होतं. खुबा मोडला तर ती पुन्हा उभी राहील, याची खात्री कुणालाच नव्हती. म्हणून बाईंनी दूध, दही, ताक लिहून दिलं. तीनदा दिलं, तिन्ही वेळा तिने मान डोलवली.

"पितेस का गं खरंच?" चौथ्या खेपेला बाईंनी विचारलं.

पुष्पाबाईने सासूकडे पाहिलं.

"कानबाईले नवस बोलेल शे," सुंदरबाई म्हणाली. "सून धड चालाले लागी, तवलोंग तिना तोंडले दूध-दही लागाव नही."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. श्रावणात घरी बसणारी देवी, गोठ्यात दोन म्हशी, आणि सुनेची हाडं अशी!

"अक्का, तिच्या हाडांना जे हवं, नेमकं तेच तुम्ही बंद केलंत!"

सुंदरबाईचा चेहरा उतरला. पण दिलेला शब्द फिरवणारी ती नव्हती. बाईंनी कपाळावर हात मारला, मग कागद पुढे ओढला. देवीशी भांडून आजवर कोण जिंकलंय?

"बरं, नवसात तीळ होते?"

"नही."

"नागली? राजगिरा?"

"नही."

"शेवग्याचा पाला?"

"तो कोनी नवसमा सोडस का, बाई?" सुंदरबाईला हसू फुटलं.

त्या दिवशी तिळाची चटणी, नागलीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि सकाळचं कोवळं ऊन असं ठरलं होतं. त्याला आता दोन वर्षं झाली होती. आज फिल्म हातात धरून बाईंना आपल्या त्या युक्तीचा भलताच अभिमान वाटत होता, आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती.

"बघ, तिळांनी राखलं की नाही! रोज किती खातेस?"

"मूठभर," पुष्पाबाई म्हणाली. "आनि दोन पेला दूध."

बाईंचं पेन थांबलं. "दूध? नवस फिटला?"

पुष्पाबाईने नुसतीच कुबडी दाखवली. मग सासूच बोलली.

"नवस मना व्हता, बाई. आनि पथ्य मी तिना गळामा बांधं. तुम्ही माले बोलनात, त्याच रोज घर जाईसन देवीफुढे बसनू. सांगं, चूक मनी, आते पथ्यबी मनंच. तवयपाईन मी दूधले हात लायेल नही."

"चहा?"

"कोरा."

"ताकसुद्धा नाही? दोन वर्षं?"

"मंग? कानबाईनी सूनले संभाळं ना!"

सुंदरबाईच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिळांनी राखलं, दुधाने राखलं की देवीने, हे फिल्मवर काही लिहिलेलं नव्हतं. बाईंना वाद घालावासाही वाटला नाही. इतका आनंद या नोकरीत त्यांना क्वचितच झाला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच सुंदरबाईकडे नीट पाहिलं. साठी उलटलेली, पाठीत वाकलेली, मनगटं काडीसारखी.

बाईंनी गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला.

"पूर्ण नाव सांगा."

"पुष्पाबाई कौतिक पाटील," सुंदरबाई तत्परतेने म्हणाली.

"तिचं नको, अक्का. तुमचं."